पल्स प्लेटिंग पहिल्यांदा करताना

निकेलच्या बाथमध्ये (म्हणजे निकेलच्या क्षारांच्या द्रावणात) तांब्याची पट्टी सोडा, सलग करंट द्या आणि अर्ध्या तासाने बाहेर काढा. पट्टी चंदेरी झालेली असेल. गिलीट करणाऱ्या कुठल्याही छोट्या कारखान्यात हे रोज चालतं. आता बाथ तोच, पट्टी तशीच, फक्त करंट तोडून तोडून द्या: १ मिलिसेकंद चालू, ९ मिलिसेकंद बंद. वरवर पाहिलं तर फारसा फरक दिसणार नाही. आत मात्र बराच फरक पडलेला असू शकतो. साध्या डीसी (सलग करंटच्या) थरातले स्फटिक-कण बहुधा शेकडो नॅनोमीटरचे किंवा त्याहून मोठे असतात. पल्स आणि चिमूटभर सॅकरिन मिळून ते काही दहा नॅनोमीटरवर आणता येतात. कण बारीक झाले की थर कठीण होतो, घासला तरी लवकर झिजत नाही.

पाठ्यपुस्तकात प्लेटिंगला विद्युत विलेपन म्हणतात. प्रयोगशाळेत तो शब्द मी कोणाच्या तोंडून ऐकलेला नाही, त्यामुळे इथेही प्लेटिंगच म्हणते. एमएस्सीचा प्रोजेक्ट करणाऱ्यांना किंवा पीएचडीच्या पहिल्या वर्षात चाचपडणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितेय.

‘पल्स’ म्हटलं की अनेकांना आधी लेझर आठवतो. तो मार्ग वेगळा. त्यात निर्वात भांड्यात ठेवलेल्या टिकलीवर लेझरचे काही नॅनोसेकंदांचे फटके मारतात, तिच्यातून उडालेला पदार्थ समोरच्या तापलेल्या तबकडीवर बसतो. १९६५ मध्ये स्मिथ आणि टर्नर यांनी रुबी लेझर वापरून असे थर बनवले होते, पण पद्धतीला खरा भाव आला तो १९८७ मध्ये, अमेरिकेतल्या बेलकोर या दूरसंचार संशोधन संस्थेत टी. व्यंकटेशन यांच्या गटाने अतिवाहक ऑक्साइडचे थर तिने बनवले तेव्हा. चार-पाच मूलद्रव्यांचं ऑक्साइड प्रमाण न बिघडवता थरात उतरवायचं असेल तर लेझरला तोड नाही. पण त्याला एक्सायमर लेझर लागतो, टर्बो पंप लागतो, आणि दोन्हीची देखभाल करणारा माणूस लागतो. आपल्याकडे बीकर, स्टरर आणि पॉवर सप्लाय आहे, असं धरून मी प्लेटिंगच निवडलंय. धातूच्या थराला ते पुरतं. कमी पडत नाहीच, उलट १९९० च्या दशकात कॅनडातल्या ओंटारिओमध्ये अणुवीज केंद्रांच्या वाफ-जनित्रातल्या नळ्या आतून दुरुस्त करायला याच पद्धतीचा नॅनो-निकेल थर वापरला गेला. त्याच्या मुळाशी क्वीन्स विद्यापीठातल्या उवे अर्ब यांच्या गटाचं पल्स प्लेटिंगवरचं काम होतं.

आधी आकडे समजून घ्या

लागतात चार आकडे: करंट चालू असण्याचा वेळ, बंद असण्याचा वेळ, चालू असताना दर चौरस सेंटिमीटरला किती करंट (याला शिखर करंट म्हणू), आणि सगळं मिळून सरासरी किती. पहिले तीन ठरले की चौथा आपोआप ठरतो. १ मिलिसेकंद चालू आणि ९ बंद, म्हणजे दहातला एक भाग चालू. ड्यूटी सायकल १० टक्के. शिखर करंट १०० मिलिअँपिअर असेल तर सरासरी १०.

थर किती जाड होणार हे सरासरी ठरवते. कण किती बारीक होणार यात शिखराचा वाटा मोठा. पल्सची सगळी गंमत या दोघांची फारकत करण्यात आहे. डीसीमध्ये १०० मिलिअँपिअर सलग दिले तर कडा जळतात, हायड्रोजनचे बुडबुडे सुटतात, थर खरखरीत होतो. इथे तेवढाच जोर क्षणभर लावून आपण मागे हटतो.

जोर लावला की पृष्ठभागावर नवे कण सुरू व्हायची शक्यता वाढते, असलेलेच कण वाढत बसत नाहीत. थांब्यात मात्र बऱ्याच गोष्टी उरकल्या जातात. पट्टीलगतचं द्रावण आयनांच्या बाबतीत रोडावलेलं असतं, ते भरून येतं. हायड्रोजन निघून जातो. सॅकरिनसारखे रेणू वाढत्या कणांवर येऊन बसतात आणि पुढच्या पल्सला त्या कणांची वाढ अडवतात. सगळ्या धातूंना थांबा असाच मानवतो असं नाही. तांब्यात लांब थांबा दिला तर त्या वेळात कण उलट मोठेही होतात. पण चीनमधल्या शेनयांगच्या धातू संशोधन संस्थेतल्या लू के यांच्या गटाने २००४ मध्ये पल्स प्लेटिंगनेच असं तांबं बनवलं की कणांच्या आत सरासरी सुमारे १५ नॅनोमीटर अंतरावर जुळ्या सीमा होत्या (जिच्या दोन बाजूंची रचना एकमेकींचं आरशातलं प्रतिबिंब असते अशी सीमा), ताकद नेहमीच्या तांब्याच्या जवळपास दहापट आणि विद्युतवहन जवळजवळ शुद्ध तांब्याइतकंच. तेव्हा ‘थांबा चांगला की वाईट’ हे धातू पाहून ठरवायचं. आपण निकेल घेऊ.

माझे वाया गेलेले पंधरा दिवस

पहिल्या वर्षी मला वाटायचं, पल्स जितका छोटा तितका थर बारीक. मी ५० मायक्रोसेकंद चालू, ४५० बंद ठेवून सलग पंधरा दिवस थर बनवले. एक्सआरडीत (क्ष-किरणांनी कणांचा आकार मोजायच्या चाचणीत) सगळे डीसीसारखेच. बाथ बदलला, सॅकरिन बदललं, पट्टीचं तांबं बदललं. शेवटी सरांकडे गेले. त्यांनी थराकडे बघितलंही नाही.

“सेलवर डीएसओ लावला होतास?” (सेल म्हणजे बाथ, पट्टी आणि समोरचा धन ध्रुव मिळून; डीएसओ म्हणजे व्होल्टेजचा आलेख दाखवणारा ऑसिलोस्कोप.)

“जनरेटरवर लावला होता सर. पल्स एकदम चौकोनी येतोय.”

“जनरेटरला प्लेटिंग करतेस का?”

लावला. उभ्या उड्या सोडल्या तर सेलच्या व्होल्टेजला ना सपाट माथा होता ना पूर्ण उतार, नुसती करवतीच्या दात्यांसारखी बारीक लहर.

कारण असं की द्रावणात बुडालेली पट्टी ही एक कपॅसिटरही असते. धातूवरचा भार आणि समोर जमलेले आयन, असा दुहेरी थर तिथे असतो. पल्सचा पहिला करंट हा कपॅसिटर भरण्यात जातो, तो भरल्यावरच धातू जोमाने बसू लागतो. थांब्यातही कपॅसिटर हळूहळू रिकामा होत राहतो, म्हणजे आपण ‘बंद’ म्हणतो तेव्हा पट्टीवर प्लेटिंग चालूच असतं. झुरिकच्या ईटीएचमधल्या प्विप आणि इब्ल यांनी १९८० मध्ये याचा सोपा अंदाज दिला: शिखर करंट अँपिअर प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये घ्या. १७ ला त्याने भागलं की भरायला लागणारे मायक्रोसेकंद मिळतात आणि १२० ला भागलं की रिकामं व्हायला लागणारे.

माझं शिखर ०.१ अँपिअर होतं. म्हणजे भरायला १७० मायक्रोसेकंद हवेत, रिकामं व्हायला १२००. मी देत होते ५० आणि ४५०. पट्टीपर्यंत पोचत होता तो जवळपास डीसीच.

म्हणून नवशिक्यांना मी १ मिलिसेकंद आणि ९ मिलिसेकंद इथूनच सुरुवात करायला सांगते. दोन्ही आकडे त्या मर्यादेच्या साधारण सहा ते साडेसात पट आहेत. याहून छोटे पल्स हवेच असतील तर शिखर करंट वाढवायला हवा, नुसता वेळ कापून चालत नाही.

बाथ

वॉट्स बाथ घ्या. विस्कॉन्सिनच्या ऑलिव्हर वॉट्स यांनी १९१६ मध्ये मांडलेलं हे मिश्रण अजून जगभर चालतं, आणि बिघडलं तर कशाने बिघडलं हे सांगणारी माणसं सहज सापडतात. २५० मिलिलिटरसाठी: निकेल सल्फेट (६ पाण्याच्या रेणूंचं) ६५ ग्रॅम, निकेल क्लोराइड (तेही ६ रेणूंचं) ११ ग्रॅम, बोरिक अ‍ॅसिड ९ ग्रॅम.

सल्फेट निकेलचा मुख्य पुरवठा करतं. क्लोराइड नसेल तर निकेलचा अ‍ॅनोड (बाथमधला धन ध्रुव) विरघळायला कुरकुर करतो. बोरिक अ‍ॅसिड पट्टीजवळचा पीएच एकदम चढू देत नाही. बोरिक अ‍ॅसिड गार पाण्यात विरघळता विरघळत नाही, म्हणून दीडशे मिलिलिटर डिस्टिल्ड पाणी ६० अंशांपर्यंत तापवून आधी तेच घाला, मग बाकीचं, मग पाणी २५० पर्यंत भरा. गार झाल्यावर गाळून घ्या. पीएच ४ च्या आसपास आणा. चढा असेल तर सौम्य सल्फ्युरिक अ‍ॅसिडचे थेंब. उतरता असेल तर निकेल कार्बोनेट चिमटीने घालून ढवळा. सोडियम हायड्रॉक्साइड ओतायचा मोह टाळा, जिथे पडतं तिथे हिरवा गाळ होतो आणि तो पुढे थरात अडकतो.

नवा बाथही स्वच्छ असेल असं धरू नका. एक टाकाऊ पत्रा नागमोडी वाकवून बाथमध्ये सोडा आणि दर चौरस सेंटिमीटरला ३-४ मिलिअँपिअर इतका कमी करंट दोन तास चालू ठेवा. तांब्यासारख्या अशुद्धी त्या पत्र्यावर काळपट बसून जातात. प्लेटिंगवाले याला ‘डमी मारणे’ म्हणतात. कंटाळवाणं आहे, पण करा.

सॅकरिन पहिल्या दिवशी घालू नका. आधी साध्या बाथचा थर बघा, मग लिटरला १ ग्रॅम घालून पुन्हा बघा. दोन्ही बदल एकत्र केले तर पल्सने काय केलं आणि सॅकरिनने काय केलं हे कधीच कळणार नाही.

निकेलचे क्षार कातडीला अ‍ॅलर्जी आणतात, आणि श्वासातून गेलेली त्यांची धूळ कर्ककारक मानली जाते. पावडर तोलताना मास्क, नायट्राइलचे हातमोजे, चष्मा. बाथ ५० अंशांवर वाफाळतो तेव्हा फ्यूम हूडखाली ठेवा.

पल्स कुठून आणायचा

गॅल्व्हॅनोस्टॅट (ठरवलेला करंट कायम राखणारं यंत्र) असेल तर उत्तम, फक्त त्याची ऑटो-रेंज बंद करा, नाहीतर प्रत्येक पल्सला यंत्र रेंज शोधत बसतं. १ मिलिसेकंदाला खरंच बदलतो का तेही डीएसओवर तपासा. बऱ्याच स्वस्त यंत्रांना ते जमत नाही, सॉफ्टवेअर मात्र आकडा बिनतक्रार स्वीकारतं.

नसेल तर अर्ध्या दिवसात सर्किट होतं. ०–३० व्होल्टचा बेंच सप्लाय, आर्डुइनो (मॉसफेटच्या गेटला चालू-बंदचे इशारे देणारा छोटा बोर्ड), आयआरएलझेड-४४-एन हा ५ व्होल्टवर चालणारा मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच), ६८ ओहमचा २५ वॅटचा तारेचा रेझिस्टर आणि १ ओहमचा शंट (करंट मोजायचा रेझिस्टर). जोडणी सरळ आहे: सप्लायच्या धन टोकापासून ६८ ओहम, तिथून निकेलचा अ‍ॅनोड, बाथमधून पट्टी, पट्टीपासून मॉसफेटचा ड्रेन, सोर्सपासून शंट, शंटपासून सप्लायचं ऋण टोक. गेटपासून ऋण टोकाला १० किलोओहम लावायला विसरू नका, नाहीतर प्रोग्रॅम चढवताना गेट तरंगतो आणि पट्टीला भलत्याच वेळी करंट मिळतो.

३० व्होल्टच का? सेलला लागतात जेमतेम ३ व्होल्ट. उरलेले २७ व्होल्ट रेझिस्टरवर पडतात आणि करंट साधारण ४०० मिलिअँपिअरला बांधला जातो. सेलचं व्होल्टेज थोडं हललं तरी करंट फारसा हलत नाही. गरिबाचा गॅल्व्हॅनोस्टॅट म्हणा हवं तर. रेझिस्टरवर सरासरी १ वॅटच उष्णता निघते, पण आर्डुइनो अडकून करंट सलग राहिला तर ११ वॅट. छोटा रेझिस्टर लावलात तर तो काळा पडून तुम्हाला हे शिकवेल.

सप्लायपासून सेलपर्यंतच्या तारा आखूड आणि एकमेकींना पीळ देऊन ठेवा. टेबलभर पसरलेल्या मीटरभर तारा पल्सच्या कडा बोथट करतात.

पट्टी

दहा बिघडलेल्या थरांपैकी सात इथे बिघडलेले असतात, असा माझा अंदाज आहे. मोजलेलं नाही, पण पैज लावेन.

२ सेंटिमीटर रुंद तांब्याची पट्टी घ्या. पाण्याखाली ८०० नंबरच्या एमरीने एका दिशेत घासा, मग पट्टी काटकोनात फिरवून १२०० ने, आधीच्या रेघा जाईपर्यंत, मग २०००. अ‍ॅसिटोनने पुसा. आता जिथे थर हवा तो २ × २ सेंटिमीटरचा चौकोन सोडून बाकी सगळी पट्टी, पाठ आणि कडांसकट, झाका. प्लेटिंगची टेप मिळाली तर छान, नाहीतर नेलपॉलिशचे दोन हात द्या, पहिला पूर्ण वाळल्यावर दुसरा. वरचा सेंटिमीटरभर भाग क्लिपसाठी कोरा. झाकलेल्या पट्टीला आता अ‍ॅसिटोन लावायचं नाही, पॉलिश विरघळतं.

हा चौकोन नीट मोजा. ४ चौरस सेंटिमीटरऐवजी पाठीमागे गळून ५ झाले, तर तुमचं शिखर १०० वरून ८० वर आलं, आणि वहीत मात्र १०० लिहिलेलं राहील.

मग कोमट अल्कली क्लीनरमध्ये मिनिटभर, वाहत्या पाण्याखाली धुणं, १० टक्के सल्फ्युरिक अ‍ॅसिडमध्ये ३० सेकंद, पुन्हा डिस्टिल्ड पाणी. आता पट्टी तिरकी धरून चौकोनाकडे बघा. पाण्याचा पापुद्रा अख्खा राहिला पाहिजे. तो कुठे फाटला, थेंब होऊन सरकला, तर तिथे अजून तेल आहे. बोट लागलं असेल तर नेमका बोटाचा ठसा दिसतो. अशा वेळी ‘चालेल’ म्हणून पुढे जाऊ नका, अल्कलीपासून पुन्हा करा. पापुद्रा टिकला की वाळू न देता ओलीच बाथमध्ये न्या. बाहेर नुसती मिनिटभर ठेवली तरी तांब्यावर ऑक्साइड चढायला लागतो.

वजनावरून हिशेब करायचा असेल तर टेप लावायच्या आधी नव्हे, मास्क केलेल्या पट्टीचंच कोरडं वजन घ्या, ०.१ मिलिग्रॅमच्या काट्यावर, आणि त्यानंतर ही साफसफाई.

चालवणं

बाथ ५० अंशांवर, स्टरर मध्यम वेगात. अ‍ॅनोड पट्टीसमोर ४ सेंटिमीटरवर, समांतर, पट्टीच्या चौकोनापेक्षा मोठा, आणि सुती पिशवीत बांधलेला. अ‍ॅनोड विरघळताना काळा गाळ सुटतो, तो पिशवीतच राहू दे.

किती वेळ? फॅरडेचा नियम (जितका भार गेला तितका धातू बसतो) लावून निकेलसाठी एकदाच आकडा काढून ठेवा: दर चौरस सेंटिमीटरला १ कूलंब भार गेला की ०.३४ मायक्रोमीटर थर. ५ मायक्रोमीटर हवेत तर साधारण १४.७ कूलंब. सरासरी १० मिलिअँपिअर, म्हणजे सेकंदाला ०.०१ कूलंब. उत्तर १४७० सेकंद, साडेचोवीस मिनिटं. काही करंट हायड्रोजन सोडण्यात जातो, त्यामुळे २६ मिनिटं धरा. ४ चौरस सेंटिमीटरवर, दर चौरस सेंटिमीटरला १४.७ कूलंबने, पूर्ण कार्यक्षमतेला १७.९ मिलिग्रॅम निकेल बसायला हवं, २६ मिनिटांत १९. प्रत्यक्षात १८ च्या आसपास आलं तर सगळं ठीक. १२ आलं तर पीएच बघा, जोडणी बघा. २५ आलं तर टेपखालून द्रावण शिरलंय.

पहिल्या दोन मिनिटांत डीएसओ लावा. आधी शंटवर: १ ओहम असल्याने ४०० मिलिव्होल्ट म्हणजे ४०० मिलिअँपिअर. चौकोन दिसला म्हणून खूश होऊ नका, करंट चौकोनी दिसणारच, तो आपणच बांधलाय. खरी गोष्ट सेलच्या व्होल्टेजमध्ये आहे. शंटवरचा प्रोब काढा, ग्राउंड क्लिप पट्टीच्या क्लिपला आणि टोक अ‍ॅनोडला लावा. इथे एक खबरदारी: डीएसओचं ग्राउंड अर्थला जोडलेलं असतं. आर्डुइनो चार्जिंगला लावलेल्या लॅपटॉपवर चालत असेल तर त्या वाटेने सर्किट शॉर्ट होतं. त्याला पॉवर बँकवर चालवा आणि सप्लायचं ऋण टोक हिरव्या अर्थ टर्मिनलला जोडलेलं नाही ना ते बघा.

आता दिसायला हवं ते असं: पल्स सुरू होताच एक उभी उडी (ती द्रावणाच्या रोधाची), मग गोलसर चढ (कपॅसिटर भरतोय), मग सपाट माथा. बंद होताच उभी घसरण, मग रेंगाळत उतार. माथा सपाट व्हायच्या आतच पल्स संपत असेल तर चालू वेळ वाढवा. उतार पूर्ण व्हायच्या आत पुढचा पल्स येत असेल तर थांबा वाढवा. या चित्राचा फोटो काढून वहीत चिकटवा. सहा महिन्यांनी मार्गदर्शकांनी ‘पल्स कसा होता’ विचारल्यावर जे दाखवायचं ते हेच.

थर हातात आल्यावर

डिस्टिल्ड पाण्याने धुवा, गार हवेच्या ड्रायरने वाळवा, वजन करा. मग पट्टी खिडकीपाशी नेऊन तिरकी धरा.

बारीक टाचणीने टोचल्यासारखे खड्डे म्हणजे हायड्रोजनचे बुडबुडे चिकटून बसले होते. ढवळणं वाढवा, किंवा सोडियम लॉरिल सल्फेट लिटरला ०.२ ग्रॅम घाला. कडेला काळसर भुकटी म्हणजे तिथे थर जळलाय. शिखर कमी करा, बाथ थंड पडला होता का बघा, बोरिक अ‍ॅसिड मोजून घातलं होतं का आठवा. टेपला चिकटून थर पापुद्र्यासारखा निघाला तर बाथला दोष देऊ नका, साफसफाईकडे परत जा. नेमकं काय बिघडलंय कळेनासं झालं तर जवळच्या प्लेटिंगवाल्याकडचा हल सेल मागा: २६७ मिलिलिटरची तिरक्या भिंतीची छोटी टाकी. एकाच पत्र्यावर कमी ते जास्त करंटपर्यंतचे सगळे थर पाच-दहा मिनिटांत दिसतात. त्या लोकांना नुसत्या रंगावरून जे कळतं ते आम्हाला तीन यंत्रं लावूनही कधीकधी कळत नाही.

कण मोजायला एक्सआरडी. तांब्याच्या नळीच्या यंत्रावर निकेलचं मुख्य शिखर (हे आलेखातलं, करंटचं नव्हे) ४४.५ अंशांना, पुढचं ५१.८ ला. पण खाली तांब्याची पट्टी आहे, तिची शिखरं ४३.३ आणि ५०.४ ला, अगदी शेजारी. थर पातळ असेल तर तांब्याचंच शिखर उंच येतं. घाईत त्याचीच रुंदी मोजून ‘कण ८० नॅनोमीटर’ असं लिहिलेले अहवाल मी पाहिलेत. तो आकडा दुकानातल्या पत्र्याचा असतो.

शिखराच्या रुंदीवरून कणांचा आकार देणाऱ्या शेररच्या सूत्रात आकडे घालून बघू. शिखराची रुंदी ०.५ अंश आली. ती रेडियनमध्ये ०.००८७३. तरंगलांबी ०.१५४०६ नॅनोमीटर, गुणक ०.९, आणि ४४.५ चा निम्मा कोन २२.२५, त्याचा कोसाइन ०.९२५५. उत्तर सुमारे १७ नॅनोमीटर. यातून यंत्राची स्वतःची रुंदी आधी वजा करायची असते, त्यासाठी खडबडीत कणांच्या सिलिकॉनचा नमुना त्याच दिवशी त्याच सेटिंगला काढून घ्या. थरात ताण असेल तरी शिखर रुंदावतं, म्हणून शेररचा आकडा जसाच्या तसा निष्कर्षात न लिहिता डीसी आणि पल्सच्या थरांची तुलना लिहा.

तुलनेसाठी पहिली जोडी अशी ठेवा: एक पट्टी डीसीवर १० मिलिअँपिअर, दुसरी पल्सवर १०० आणि १० टक्के. सरासरी तीच, भार तोच, बाथ तोच, दिवस तोच. मग सरासरी १० वरच धरून शिखर ५० आणि २०० करा, ड्यूटी सायकल त्याप्रमाणे २० आणि ५ टक्के. एवढ्या चार पट्ट्यांत जे कळतं ते सगळं एकदम बदलून केलेल्या चाळीस पट्ट्यांत कळत नाही.

वापरलेला बाथ आणि पहिलं धुणं बेसिनमध्ये ओतू नका. बाथ झाकून, तारीख आणि पीएच लिहून ठेवला तर महिनोन्‌महिने चालतो. धुण्याचं पाणी एका कॅनमध्ये साठवा, धुण्याचा सोडा घालून पीएच १० च्या आसपास नेला की निकेल हिरव्या गाळाच्या रूपात खाली बसतं. तो गाळ कॉलेजच्या घातक कचऱ्यात द्या. तळोजा आणि रांजणगाव इथे त्यावर प्रक्रिया करणारी अधिकृत केंद्रं आहेत.

थरावरून तारांकडे

सपाट थर जमला की त्याच सर्किटवर नॅनोतारा करून बघायला हरकत नाही. सच्छिद्र अ‍ॅल्युमिनाची तयार चकती मिळते, ६० मायक्रोमीटर जाड, २०० नॅनोमीटर नावाची छिद्रं आरपार गेलेली. तिच्या एका बाजूला सोन्याचा थर स्पटर करून (निर्वातात यंत्राने चढवून) घ्या, तोच कॅथोड, म्हणजे ऋण ध्रुव. निकेल छिद्राच्या तळापासून वर भरत येतं.

इथे ९ मिलिसेकंदांचा थांबा कामाचा नाही. आयनांना ६० मायक्रोमीटर खोल छिद्रातून पसरत तळाशी पोचायला सेकंदाच्या घरात वेळ लागतो. म्हणून १० मिलिसेकंद चालू आणि ९९० बंद ठेवा. जर्मनीत हाले इथल्या माक्स प्लांक संस्थेतल्या नील्श आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये, तळाशी ऑक्साइडचा पडदा शिल्लक असलेल्या छिद्रांमध्ये निकेल एकसारखं भरण्यासाठी असेच लांब थांबे वापरले होते. हिशेब करताना चकतीचं नव्हे, छिद्रांचं क्षेत्रफळ घ्या. छिद्रांवर शिखर १०० मिलिअँपिअर धरलं तर सरासरी येते १, आणि तार तासाला जेमतेम १.२ मायक्रोमीटर वाढते. १० मायक्रोमीटर लांबीला आठ तास. सकाळी दहाला लावा, बाथचं पाणी उडतंय का बघत राहा, संध्याकाळी सहाला काढा.

चकती १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये ठेवली की अ‍ॅल्युमिना विरघळतं, निकेल तसंच राहतं. सोन्याच्या पत्र्यावर तारा ब्रशच्या केसांसारख्या उभ्या असतात. चार-पाच वेळा पाण्याने धुवा, इथेनॉलमध्ये घ्या, काही सेकंद अल्ट्रासोनिकमध्ये धरा. कुपी करड्या रंगाने धूसर होते. बाहेरून भिंतीला लोहचुंबक टेकवा. मिनिटभरात सगळी धूसरता सरकत येऊन त्या बाजूला एक काळा ठिपका जमतो, आणि चुंबक काचेवरून खाली ओढला की ठिपकाही त्याच्यामागे खाली येतो.